साफ केलेला फोटो

७ एप्रिल, सोमवार

रामनवमीचं सगळं काम शनिवारी दुपारीच हातावेगळं झालं. गेल्या वर्षी याच सणाला महेक आणि मी मान मोडून बसलो होतो, तरी काही गिऱ्हाइकांची व्हॉट्सॲपवरची शुभेच्छांची कार्डं सण उलटून गेल्यावर पोचली. या वर्षी मी आधीच ठरवलं होतं. एक चौकट बनवायची. वर सणाचं चित्र, डावीकडे गिऱ्हाइकाचा फोटो, उजवीकडे दोन ओळींत नाव आणि पद, तळाशी दुकानाचा पत्ता. गिऱ्हाईक बदललं की फोटो आणि नाव बदलायचं, सण बदलला की वरचं चित्र. बाकी कशालाही हात लावायचा नाही. महेक याला टेम्पलेट म्हणते. पतसंस्थेत वसुलीला होते तेव्हा मी थकबाकीच्या नोटिशीचा एकच मसुदा नोकरीभर वापरला. माणसं बदलली, मसुदा नाही. तेच हे.

महेक नाखूश आहे. ती असलमभाईंची सून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा छापखाना होता, तो बंद पडला आणि ही संगणकासकट माझ्या पुढच्या खोलीत आली. हात चांगला, पण प्रत्येक कार्डाशी खेळत बसते. म्हणाली, "काकू, सगळे एकसारखे दिसायला लागले."

मी म्हटलं, "चेहरे त्यांचे, चौकट आपली. व्हॉट्सॲपवर कोण निरखून बघतं?"

फोटोंचाही प्रश्न मिटवला. लोक काहीही पाठवतात. शेतातले, मांडवातले, अर्धं तोंड सावलीत. आता फोटो चौकटीत टाकला की डाग, खड्डे, सुरकुत्या आपोआप जातात आणि रंग दोन छटा उजळतो. महेकने ते साफ करणारं यंत्र संगणकात फक्त एकदा जोडून दिलं. पिंप्राळ्यातला एक दुधवाला स्वतःचा फोटो बघून इतका खूश झाला की पेढे घेऊन आला.

१२ एप्रिल, शनिवार

अक्का, माझी थोरली बहीण, आज पुन्हा मला आईच्या नावाने हाक मारत होती. दुरुस्त केलं की ऐकते, घटकेने पुन्हा तेच. मी तिला गॅसपाशी जाऊ देत नाही. दिवसभर मधल्या दारात बसून महेकचं काम बघते आणि विचारते, "हाऊ कोन शे? हाई कोन शे?" महेक न कंटाळता सांगते, हे अमुक मेंबर, हे तमुक ज्वेलर्स. मला तेवढा वेळ नाही.

आखाजी, आमच्याकडची अक्षय्यतृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण, जवळ आली तेव्हापासून एकच धोशा. "माले आखाजीले घर जानं शे."

"हेच घर आहे अक्का."

"हाई तुनं शे. मी मना घरनं बोली ऱ्हायनू."

कुठलं घर? आई-दादा गेले, घर पडलं, जागा निंबाने घेतली. निंबा आमचा चुलतभाऊ, तो धुळ्याजवळ गावीच असतो. शेवटची केव्हा आखाजीला माहेरी गेली होती, तिलाही सांगता येणार नाही. नवरा गेल्यावर तिने मला धुळ्याला कॉलेजात घातलं आणि स्वतः दाळमिलमध्ये डाळ निवडत राहिली, तेव्हा कसली आखाजी आणि कसलं माहेर. हे तिला सांगितलं तर म्हणते, "मग आते तरी जाऊ दे."

१९ एप्रिल, शनिवार

अक्काचा पंच्याहत्तरावा वाढदिवस मी आजचा ठरवला. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, आखाजीच्या आधी जन्मली एवढंच. महेकने तिला मधल्या दारात बसवून फोटो काढला आणि मी स्वतः कार्ड केलं. वाढदिवसाचं टेम्पलेट, सोनेरी कडा, फुगे. फोटो टाकला, नाव टाकलं, झालं.

अक्काला दाखवलं. तिने संगणकाच्या पडद्याला बोट लावलं.

"हाई कोन शे?"

"तू आहेस."

"मी?" बराच वेळ बघत राहिली. "मना गोंदण कोठे गयं?"

मी बघितलं. खरंच, कपाळावरची चंद्रकोर, तिच्याखालचा ठिपका, हनुवटीवरचे तीन ठिपके, सगळं गेलं होतं. यंत्राला तो डाग वाटला असणार. महेक म्हणाली, "परत आणते काकू, जरा टाइम लागेल." आणखी दोन कार्डं थांबलेली होती. मी म्हटलं, राहू दे, उलट तोंड चांगलं स्वच्छ दिसतंय.

अक्का म्हणाली, "माय म्हने, मरीसनी गये की बठ्ठं आठेच ऱ्हास. गोंदण तेवढं संगे जास. कुकू पुसाले बाया उन्यात, गोंदण कोनले पुसता उनं नही."

आई म्हणायचीच, मेल्यावर सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत जातं. महेक हसली. "बघा काकू, तुम्ही पुसलं."

कार्ड सगळ्या गटांवर टाकलं. संध्याकाळपर्यंत शुभेच्छांचा पाऊस. "अक्का किती तरुण दिसतात!" असं माझ्या पतसंस्थेतल्या जुन्या साहेबांनीही लिहिलं.

२६ एप्रिल, शनिवार

बेचाळीसच्या वर तापमान आहे. दुपारी पुढच्या खोलीत पंखा गरम वारा फेकतो. आखाजी आणि महाराष्ट्र दिन लागोपाठ आल्यामुळे कामाचा ढीग, पण दोन्ही टेम्पलेटं तयार आहेत. घागर, आंबे, झोक्यावरच्या पोरी. एकदा नीट बसवलं की बसलं.

अक्काने गाठोडं बांधलं होतं. एक लुगडं, पितळी तांब्या आणि शेजारच्यांनी दिलेली कैरी. मी ते कपाटावर ठेवलं आणि तिला चांगलं दटावलं. ती रडली नाही, या वेळी माझं खरं नाव घेऊन म्हणाली, "तू पहिलेपासून अशीच शे कोके."

दटावल्याशिवाय चालत नाही. मी सैल सोडलं तर घर चालणार कसं?

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

अक्का घरात नाही.

सकाळी एका गिऱ्हाइकाचं पद चुकलं होतं, उपाध्यक्षाचं सचिव झालं होतं. तो फोनवर अर्धा तास ओरडत होता आणि मी त्याला समजावत होते. पुढचं दार महेक यायची म्हणून उघडं होतं. फोन ठेवला तेव्हा मधलं दार रिकामं. वाटलं न्हाणीत असेल. कपाटावर गाठोडं नव्हतं. स्टुलावर चढली असणार.

गल्ली पाहिली, देऊळ पाहिलं, रिक्षा करून बसस्टँडवर गेले. निंबाला फोन केला. तो म्हणाला, "आठे नही उनी ताई. उनी तर लगेच फोन करस."

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्यांनी ओळखीची खूण विचारली. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, असं लिहून घेतलं.

घरी आल्याबरोबर कार्ड केलं. नवं काही बनवत बसायला वेळ नव्हता. अक्काचं वाढदिवसाचं कार्ड समोरच होतं, त्यातले फुगे काढले, "हार्दिक शुभेच्छा" काढून "हरवल्या आहेत" टाकलं. उजवीकडे दोनच ओळींची जागा. एका ओळीत नाव आणि वय, दुसरीत माझा नंबर. वर्णन टाकायला गेलं तर अक्षर इतकं बारीक होत होतं की वाचता आलं नसतं. महेक यायच्या आत कार्ड जळगाव, धुळे, चाळीसगाव, भुसावळ सगळीकडे गेलं. सगळी गिऱ्हाइकं आपापल्या गटांवर टाकताहेत. या धंद्याचा आज खरा उपयोग झाला. दुसऱ्या कुणाला इतक्या लवकर जमलं नसतं.

पुरण तसंच आहे. तिच्या पसंतीचं म्हणून केलं होतं.

१ मे, गुरुवार

फोन थांबत नाहीत. असोद्याहून एकाने कळवलं, केळीच्या बागेजवळ एक म्हातारी बसली आहे. गेले. ती बाई तिथल्याच एका सालदाराची आई निघाली, जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने मलाच पाणी पाजलं.

एक गोष्ट मनाला लागली. निम्म्या गटांवर कार्डाखाली लोकांनी केक आणि फुलं टाकली आहेत. "आजींना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." "शतायुषी व्हा." सोनेरी कडा बघतात आणि अंगठा मारतात, वाचत नाहीत. एका नगरसेवकाने तर अक्काला दीर्घायुष्य चिंतलं आणि खाली स्वतःचा फोटो जोडला. मी एकेकाला लिहीत बसले, वाचा, वाचा जरा.

महाराष्ट्र दिनाची कार्डं वेळेवर गेली. टेम्पलेट होतं म्हणून. नाहीतर आज कोणाचा हात चालला असता?

ऊन बाहेर नुसतं पांढरं दिसतं. तिने डोक्यावर पदर नीट घेतला असेल. घेते ती.

२ मे, शुक्रवार

महेक आज सकाळी अक्काचं कार्ड उघडून बसली होती. मग म्हणाली, "काकू, एक बात बोलू? रागावू नका. या फोटोत अक्कांचं गोंदण नाही. आणि रंग पण किती गोरा झालाय. माझ्याकडे ओरिजिनल आहे. कार्ड बदलू या."

मी विचार केला. जे कार्ड इतक्या हजारो मोबाइलांत पोचलंय ते परत घेता येत नाही. आता दुसरं सोडलं तर एकाच नावाची दोन तोंडं फिरतील, लोक विचारत बसतील की खरी कोणती. पतसंस्थेत एकाच खात्याला दोन नोटिसा गेल्या की कर्जदार हटकून निसटायचा. डोळे तेच आहेत, नाक तेच आहे. ओळखणारा ओळखेल. मी महेकला म्हटलं, नको, गोंधळ नको.

ती म्हणाली, "काकू, आपण ओळखतो म्हणून आपल्याला तेच दिसतं."

मी तिला कामाला बस म्हणून सांगितलं. ती बसली नाही, चपला घालून बाहेर निघून गेली. न विचारता. पहिल्यांदाच.

३ मे, शनिवार

महेक काल रिक्षा थांब्यांवर हिंडत होती. हातात फोटो न घेता, नुसतं तोंडी विचारत: कपाळावर गोंदण असलेली आजी, हातात गाठोडं. रेल्वे फाटकाजवळचा एक रिक्षावाला म्हणाला, हो, आखाजीच्या सकाळी स्टेशनवर सोडली. पैसे नव्हते तिच्याकडे, कैरी दिली. त्याच्या मोबाइलमध्ये कार्ड होतं. आज सकाळी जाऊन त्याला मी विचारलं, मग फोन का नाही केला? त्याने कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. "ही बाई? ही नव्हती ती."

पूर्वी गावी जायचं म्हणजे जळगावहून चाळीसगाव आणि तिथे गाडी बदलून धुळ्याची छोटी गाडी. बस तिला माहीतच नाही. मी चाळीसगावला गेले. महेक बरोबर आली.

स्टेशनच्या बाहेर काकड्या आणि पाण्याच्या बाटल्यांची हातगाडी आहे, रहिमाबीची. महेकने तिला विचारलं आणि तिने लगेच हात पुसले.

"अरे, ती तर इथंच होती, माझ्या गाडीमागे, सावलीत. पहिल्या दिवशी चक्कर येऊन पडली, मी पाणी मारलं. रोटी दिली. भारी गोड बोलायची. माझ्या नातीला झोक्याचं गाणं शिकवलं."

मी विचारलं, "मोबाइलवर फोटो आला नव्हता का?"

"आला होता ना बाई. मी काय आंधळी आहे? फोटो बघितला, मग तिच्याकडे बघितलं. फोटोतली गोरी, चिकनी, कपाळ एकदम साफ. हिच्या कपाळावर गोंदण, हनुवटीवर गोंदण, तोंड सुकून गेलेलं. तरी मी तिलाच दाखवला. म्हटलं, आजी, ये तुम हो क्या? तिने नीट बघितला आणि हसायला लागली. बोली, हाई मी नही व. हाई कोनी शेटानी शे."

महेकने माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

"मग?"

"मग काय करणार बाई? सारखं एकच, आखाजीले घर जानं शे. म्हटलं, घरचे वाट बघत असतील बिचारीची. काल संध्याकाळी माझ्या जावयाने तिकीट काढून धुळ्याच्या गाडीत बसवून दिली. बाटली दिली पाण्याची. गाव तिने बरोबर सांगितलं." मग ती माझ्याकडे बघत राहिली. "चूक केली का मी?"

मी म्हटलं, "नाही."

काल सकाळी महेक कार्ड बदलू या म्हणाली. काल संध्याकाळी अक्का गाडीत बसली.

निंबाला तिथूनच फोन केला, तो मोटारसायकल घेऊन स्टेशनकडे निघाला. महेकने तिथेच प्लॅटफॉर्मवर बसून मोबाइलवर नवं कार्ड केलं. चौकट नाही, कडा नाही. पांढरा कागद, अक्काचा खरा फोटो, खाली मोठ्या अक्षरात गोंदणाचं वर्णन. पुष्कळ वेळ लागला तिला. मी घाई कर म्हणाले नाही.

नवं कार्ड गटांवर गेलं तशी उत्तरं येऊ लागली. "ही दुसरी बाई कोण?" "आधीच्या आजी सापडल्या का?" "एकाच नावाच्या दोघी हरवल्या काय, नीट माहिती टाका." मला वाटलं होतं तसंच झालं. त्याचा आनंद वाटायला हवा होता का?

४ मे, रविवार

सकाळी निंबाचा फोन.

"ताई, अक्का भेटनी. तुम्ही या."

मी म्हटलं, "पाणी दे तिला. एकदम गार नको, माठातलं दे. आणि उन्हातून मोटारसायकलवर आणू नकोस, रिक्षा कर. तिला मी ओरडणार नाही म्हणून सांग."

मी पुन्हा सांगितलं, रिक्षा कर. तो म्हणाला, "तुम्ही या ताई."

निघते.

५ मे, सोमवार

लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कुणाला सांगायला नको.

गाडीतून ती बरोबर आमच्या गावच्या स्टेशनवर उतरली. पूर्वी स्टेशनापासून गावाकडे गाडरस्ता जायचा. आता मधून मोठा रस्ता झाला आहे, गाडरस्ता तुटून पलीकडे शेतात शिरतो. ती जुन्या वाटेनेच गेली. रात्र झाली असणार, कुठेतरी बसली असणार, मग दुसरा सबंध दिवस उन्हात. मेंढरं चारणाऱ्या एकाला बाभळीखाली दिसली. बाटली रिकामी होती. गाव समोर दिसत होतं. तिथून मला निंबाच्या घरावरची पाण्याची टाकी दिसली.

त्या बाभळीपासून जवळच दोन पोरं कांदा भरत होती, त्यांनी तिला जाताना पाहिलं होतं. त्यांनाही माझं कार्ड आलं होतं.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मला ओळख पटवायला बोलावलं. उन्हाने चेहरा राहिला नव्हता. चंद्रकोर, तिच्याखाली ठिपका, हनुवटीवर तीन ठिपके. मी सही केली. कर्मचाऱ्याने विचारलं, नातं काय? मी म्हटलं, बहीण. मग म्हटलं, आई लिहा. त्याने पेन थांबवलं. "एक काहीतरी सांगा बाई." बहीण लिहिलं.

गावी नेलं. आखाजीला आलेल्या लेकी अजून सासरी परतल्या नव्हत्या. त्या सगळ्या आल्या. एकीलाही अक्का माहीत नव्हती, तरी माहेरवाशीण म्हणून त्यांनी तिला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं. निंबाच्या बायकोने तिच्या हातात सांजोरी ठेवली. निंबाने अग्नी दिला.

मी रडले नाही. त्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

९ मे, शुक्रवार

महेकने विचारलं, श्रद्धांजलीचं कार्ड करायचं का? मी नाही म्हटलं. त्याचंही टेम्पलेट आहे, समई आणि खाली पांढरी फुलं. गेल्या महिन्यात मीच तिला ते पक्कं करायला लावलं होतं, कारण उन्हाळ्यात ते जास्त लागतं.

दुपारी गावाकडून कार्ड आलंच. निंबाच्या मुलाने केलं आहे. "भावपूर्ण श्रद्धांजली, कै. यशोदाबाई." फोटो तोच, शेटाणीचा. त्याच्या मोबाइलमध्ये तोच होता. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तोच आहे. खाली लोकांनी हात जोडले आहेत त्या बाईला.

निंबाला फोन करून ओरडणार होते. केला नाही.

१४ मे, बुधवार

फोन अजून येतात. कार्ड कुठेतरी पुढे पुढे जात राहतं, मग तिकडून कोणीतरी फोन करतं. महेकचं नवं कार्ड मात्र कुणाकडे पोचलेलं दिसत नाही, एकानेही त्याचं नाव काढलं नाही. पहिल्या दोन-तिघांना मी खरं सांगितलं. ते बिचारे गडबडले, माफी मागायला लागले, मग कसं झालं, केव्हा झालं, तुम्ही कुठे होता. एक बाई फोनवरच रडायला लागली आणि मला तिची समजूत घालावी लागली.

आता "सापडल्या" एवढंच सांगते. लोक म्हणतात, "बरं झालं!" आणि फोन ठेवतात. खोटंही नाही ते.

नंबर बदल म्हणून महेक म्हणते. कसा बदलणार? उद्या कोणी खरंच पाहिलं असेल तर.

हे काय लिहिलं मी? खोडत नाही. राहू दे.

२३ मे, शुक्रवार

आठवडाभर ते साफ करण्याचं यंत्र आम्ही बंद ठेवलं होतं. मीच सांगितलं होतं. आज वाढदिवसाचं कार्ड घेऊन एक कापडवाला भांडायला आला. "माझ्या तोंडावरचे देवीचे व्रण सगळ्या जिल्ह्याला दाखवायचेत का मॅडम? पैसे कशाचे घेता?" महेक त्याला काहीतरी सांगायला निघाली, तिला थांबवलं. त्याला खुर्ची दिली आणि यंत्र चालू करायला लावलं. त्याचे व्रण गेले. तो खूश होऊन गेला.

"काकू, परत चालू ठेवू?" महेकने विचारलं.

मी म्हटलं, "ठेव. त्याचं तोंड आहे, त्याला हवं तसं दिसू दे." मग म्हटलं, "फक्त आधी विचार प्रत्येकाला."

ती विचारते. वेळ लागतो. बहुतेक सगळे साफच करा म्हणतात.

महेकने अक्काचा मूळ फोटो छापून आणला. मी तो लावलेला नाही. टेबलाच्या खणात उपडा ठेवला आहे. बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय खण बंद होत नाही.

२ जून, सोमवार

दुपारी काम करत असताना फोन आला. साक्रीकडची कोणी म्हातारी बाई. नातीने नंबर लावून दिला होता.

"ती माय सापडनी का व?"

"हो. सापडल्या."

"बरं झायं व माय! मी रोज दिवा लावस तिना नावना. नात माले रोज फोटो दखाडस. मनी मोठी बहीन बी अशीच निंघी गयती, ती काय सापडनी नही." मग म्हणाली, "तिले दे ना जरा फोन. दोन शब्द बोलू दे."

आता खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं. बाई वाट बघत होती. मागे कोंबड्या ओरडत होत्या. समोर महेकने काम थांबवलं होतं आणि माझ्याकडे बघत होती. मी फोन कानापासून दूर नेला, खाली ठेवला नाही. मग पुन्हा कानाला लावला.

"बोल व माय," मी म्हटलं.

"तूच का?"

"मीच शे."

"घर पोचनी का नीट?"

"पोचनी."

"तठे बठ्ठा बरा शेतस ना? ओरडनात तर नही तुले?"

"नही ओरडनात," मी म्हटलं. "बठ्ठा बरा शेतस."

"ऱ्हाय मग आते घर. उन्हमा कोठे जाऊ नको व बहीन."

"नही जाऊ," मी म्हटलं.